कर्ज सात वर्षांचे, करार एका बॅचचा

मुंबई-आग्रा महामार्ग सोडून सिन्नर, दिंडोरी किंवा निफाडच्या आतल्या रस्त्याला लागले की द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळींच्या जोडीला पत्र्याच्या छपराची, जाळी लावलेली लांबट शेड दिसू लागतात. नाशिक जिल्ह्यात हा व्यवसाय रुजण्यामागे सरळ कारणे आहेत. मुंबईची बाजारपेठ काही तासांच्या अंतरावर आहे. येवला, मालेगाव, सटाणा भागात मका पिकतो आणि कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचाच असतो. घोटीच्या भातगिरण्यांमधून तूस मिळते आणि तेच तूस शेडमध्ये गादी म्हणून अंथरले जाते. या सगळ्यापेक्षा मोठे कारण शेतीच्या अनिश्चिततेत आहे. एका गारपिटीत बाग झोपते, निर्यातबंदीच्या एका निर्णयाने कांदा मातीमोल होतो, आणि मग घरातला तरुण म्हणतो, ‘एक शेड टाकू.’ दर दोन महिन्यांनी हाती पैसा येईल हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण शेड टाकण्याआधी तो शेजारच्या शेडवाल्याला ‘एका बॅचला किती सुटतात?’ एवढेच विचारतो. त्याने खरे तर ‘बॅच आलीच नाही तर काय करता?’ असे विचारायला हवे. कुक्कुटपालनातून घर उभे राहील की कर्जात जाईल, हे कोंबडीच्या वजनापेक्षाही या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. त्यातली कोणती जोखीम कोणाच्या अंगावर आहे हे कागदावर मांडल्याशिवाय पायासाठी खड्डा खणू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जिल्ह्यातला मांसल कोंबडीचा व्यवसाय बव्हंशी करारावर चालतो. कंपनी एक दिवसाची पिल्ले देते, खाद्य देते, औषध-लस देते आणि सुपरवायझर पाठवते. शेतकऱ्याकडे शेड, पाणी, वीज, तूस, ब्रुडिंगची उष्णता आणि चोवीस तासांची राखण असते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पक्षी दोन-सव्वादोन किलोचा झाला की कंपनी माल उचलते आणि किलोमागे संगोपनाचा दर, म्हणजे ग्रोइंग चार्ज, देते. पक्षी कंपनीचे, खाद्य कंपनीचे, विक्रीही कंपनीची. म्हणून बाजारभाव पडला तरी शेतकऱ्याला ठरलेला दर मिळतो. ही या पद्धतीची खरी ताकद आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट नजरेतून निसटते. शेडसाठी बँकेचे कर्ज पाच-सात वर्षांचे असते, तर कंपनीची बांधिलकी बहुतेक वेळा त्या एका बॅचपुरतीच. पुढची पिल्ले कधी टाकायची, किती टाकायची, टाकायची की नाही, हे कंपनी ठरवते. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, ५,००० पक्ष्यांच्या शेडसाठी तुम्ही १० लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता साधारण १७,१०० रुपये बसेल, म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार. समजा ४ टक्के मरतूक वजा जाता ४,८०० पक्षी सरासरी २.२ किलो वजनाने उचलले गेले आणि किलोला ८ रुपये दर मिळाला. एका बॅचचे साधारण ८४,५०० रुपये आले. तूस, वीज, ब्रुडिंग, मजुरी, चुना, धुलाई यांवर ३०,००० गेले तर हाती ५४,५०० उरतात. वर्षात ६ बॅच झाल्या तर हप्ते फेडून सव्वा लाखाच्या आसपास शिल्लक राहते. ५ झाल्या तर ६७,००० राहतात. आणि ४ च झाल्या तर वर्षभर दोन माणसे राबून घरात येतात जेमतेम १२,००० रुपये. तुमच्या गावात दर, खर्च, व्याज वेगळे असेल, म्हणून हे आकडे तुमचे तुम्ही भरा. एक गोष्ट मात्र बदलणार नाही: संगोपनात कितीही कसब दाखवले तरी दोन बॅच कमी झाल्याने गेलेला पैसा त्या कसबातून भरून निघत नाही. पहाटे उठून पिल्लांना जपणे तुमच्या हातात आहे, बॅचची संख्या नाही.

बॅच कमी होतात कधी? दरवर्षी श्रावणात मागणी घसरते, कंपन्या आधीपासूनच पिल्ले टाकणे कमी करतात आणि दोन बॅचमधले अंतर वाढते. हा धक्का ठाऊक असलेला आहे, त्याची तजवीज करता येते. ठाऊक नसलेले धक्के मोठे असतात. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१ मध्ये त्याच नवापुरात हा रोग पुन्हा आला. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर महाराष्ट्रात बर्ड फ्लूचा उद्रेकही नव्हता. चिकन खाल्ल्याने करोना होतो ही अफवा मोबाइलवरून पसरली आणि शेडवरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. पक्षी फुकट वाटण्याची, जिवंत गाडण्याची वेळ आली. त्या काळात स्वतःचे पक्षी पाळणाऱ्याचे भांडवल गेले. करारावरच्या शेतकऱ्याचे भांडवल थेट गेले नाही, पण त्याच्याकडे पिल्लेच आली नाहीत आणि शेड रिकामे राहिले. पहिला तोटा बातमीत आला. दुसऱ्याची मोजदाद कुणी केली नाही, कारण रिकाम्या शेडचा फोटो निघत नाही.

यावर कोणी म्हणेल की मग करार सोडून स्वतंत्र धंदा करावा, नफाही पूर्ण आपला. मला हे पटत नाही. स्वतंत्र शेतकऱ्याच्या डोक्यावर बाजारभावासोबत खाद्याचाही भाव असतो. २०२१ मध्ये सोयापेंडीचे दर इतके चढले की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि मकाही महागला. येवल्याच्या मका उत्पादकाला तो दर हवाच होता आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. आयातीला सोयाबीन उत्पादकांनी विरोध केला, तोही त्यांच्या बाजूने रास्त. ‘कुक्कुटपालनाने गावाचा फायदा होतो’ असे सरसकट म्हणताना हे विसरू नये की एकाच गावात, कधी एकाच घरात, मक्याचे शेत आणि कोंबडीचे शेड विरुद्ध दिशांना ओढत असतात. दोन-तीन वर्षांचा तोटा सोसण्याइतके भांडवल आणि खाद्य साठवण्याची सोय असेल त्यानेच स्वतंत्र वाटेचा विचार करावा. बाकीच्यांसाठी करार हीच शहाणपणाची वाट आहे, पण तो वाचून आणि बदलून घेऊन.

तेव्हा करारात काय पाहायचे? सर्वांत आधी त्याची मराठी प्रत मागा आणि सहीची एक प्रत आपल्याकडे ठेवा. पुष्कळांकडे ती नसते. दोन बॅचमध्ये जास्तीत जास्त किती दिवसांचे अंतर आणि त्यापेक्षा शेड रिकामे राहिले तर काही भरपाई आहे का, हे कलम शोधा. नसेल तर लिहून मागा. वर्षाला किमान पाच बॅचची लेखी हमी आणि त्यामागे थोडा कमी दर, असा पर्याय समोर आला तर कर्जदार शेतकऱ्याने हमी निवडावी. संगोपनाचा दर कसा ठरतो ते तुमच्याच मागच्या किंवा शेजाऱ्याच्या बॅचच्या हिशेबावर सोडवून घ्या. मूळ उत्पादनखर्च किती धरला आहे, एफसीआर म्हणजे एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागले ते कसे मोजतात, आणि बक्षीस व कपात कुठून सुरू होते, हे समजले पाहिजे. पिल्ले मुळातच अशक्त आली आणि पहिल्या आठवड्यात मरतूक झाली तर ती कोणाच्या खाती, हेही विचारा. पिल्ले उतरवतानाच मोजणी करून मेलेली, लंगडी पिल्ले चलनावर नोंदवून घ्यायची सवय लावा. भाव नसला की माल उचलायला उशीर होतो. पंचेचाळीस दिवसांपुढे पक्षी खातो जास्त आणि वाढतो कमी, एफसीआर बिघडतो आणि कपात तुमच्या नावावर पडते. म्हणून ठरावीक दिवसानंतरचे खाद्य हिशेबात धरायचे नाही, असे कलम हवे. वजन कोणाच्या काट्यावर, रिकाम्या गाडीचे वजन तुमच्यासमोर होते का, पैसे किती दिवसांत जमा होतात, हे सगळे लेखी असावे. तारण म्हणून कोरे, सही केलेले धनादेश देण्याची रीत काही ठिकाणी आहे. रक्कम आणि कारण लिहिल्याशिवाय धनादेश देऊ नका.

रोगाच्या कलमाबद्दल थोडे अधिक. बर्ड फ्लूचा उद्रेक झाला की त्या ठिकाणापासून एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी असते. बाधित क्षेत्रातले निरोगी पक्षीही मारले जातात. सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, त्यामुळे अचानक वाढलेली मरतूक लपवणारा शेतकरी स्वतःचेच नुकसान करून घेतो आणि शेजाऱ्यांनाही संकटात लोटतो. पण करारातले पक्षी कंपनीच्या मालकीचे. भरपाई कोणाला मिळणार आणि त्यात तीस दिवस राबलेल्या तुमच्या कष्टांचा वाटा किती, हे आधी लिहिलेले नसेल तर नंतर भांडून फारसे हाती लागत नाही. शिवाय पुन्हा पक्षी टाकायला काही महिने बंदी असते. किमान सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत या व्यवसायातून घरखर्च वाढवू नये, हा सल्ला मी याच कारणाने देतो. नव्या मोटरसायकलचा हप्ता शेडच्या हप्त्यावर चढवू नका.

‘कंपनी एकट्या शेतकऱ्याचे ऐकते कुठे?’ हा आक्षेप खरा आहे. एकट्याचे ऐकत नाही. पण कंपनीचीही एक गरज आहे. खाद्याची गाडी आणि सुपरवायझर यांचा खर्च परवडायचा तर तिला एका रस्त्यावर, जवळजवळ असलेली शेड लागतात. त्या रस्त्यावरच्या पंधरा-वीस शेडवाल्यांनी मिळून तीन-चारच मागण्या ठेवल्या, बॅचमधले अंतर, उचलण्याचा उशीर, काटा आणि पैशांची मुदत, तर कंपनीला त्या सहज टाळता येत नाहीत. नाशिकमध्ये एकाहून अधिक कंपन्या काम करतात, हेही शेतकऱ्याच्या पथ्यावर पडणारे आहे. संघटनेने भाव बदलतो याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अंड्याचा दर व्यापारी ठरवत असताना उत्पादकांनी १९८२ मध्ये पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी स्थापन केली आणि स्वतः दर जाहीर करायला सुरुवात केली. दुसरा दाखला मध्य प्रदेशातल्या केसला गावचा. तिथे ‘प्रदान’ या संस्थेच्या मदतीने आदिवासी स्त्रियांनी प्रत्येकी काही शे पक्ष्यांची छोटी शेड उभारली आणि पिल्ले, खाद्य, विक्री यांसाठी स्वतःची सहकारी संस्था काढली. करारातल्यासारखाच ठरलेला संगोपन दर तिथे सभासदाला मिळतो, पण दर देणारी संस्था तिच्या मालकीची आहे, त्यामुळे बाजार पडला की सगळ्यांत आधी तिचे शेड रिकामे ठेवायचे, असा निर्णय तिला न विचारता होत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागातल्या बचतगटांनी दहा हजार पक्ष्यांच्या शेडची स्वप्ने पाहण्यापेक्षा या नमुन्याचा अभ्यास करावा असे मला मनापासून वाटते.

पैशाच्या सोयीबद्दल दोन गोष्टी ध्यानात घ्या. राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत १,००० मांसल पक्ष्यांच्या शेडसाठी अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चालू वर्षाची रक्कम आणि मुदत विचारून घ्या. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे, पण ते गावरान धर्तीच्या पक्ष्यांच्या पैदास केंद्रासाठी आणि उबवणुकीसाठी आहे, ब्रॉयलर शेडसाठी नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर आणि ग्रामपंचायत कर यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणून बिलावरचा वर्ग तपासा. मात्र अनुदान आहे म्हणून शेड बांधणे हा उलटा हिशेब झाला. ‘पिल्ले आमची घ्या, अंडी-पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ’ अशी हमी देणाऱ्यांपासून तर दोन हात दूरच राहा. २०१९ मध्ये उघड झालेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात सांगली, कोल्हापूरसह राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे अशाच हमीवर बुडाले. परत घेणाऱ्याचा खरा ग्राहक कोण, हे त्यातल्या फार थोड्यांनी विचारले होते.

आता शेडबाहेरच्या माणसांकडे वळू. संगोपनाचा दर एका घरात येतो, पण वास आणि माश्या सगळ्या वस्तीत जातात. ज्यांनी करारावर सही केलेली नाही त्यांच्यावर हा भार पडतो, म्हणून गावातले तंटे होतात आणि ते तंटे शेडमालकाला अन्यायाचे वाटले तरी तक्रार खोटी नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांनुसार शेड लोकवस्तीपासून ५०० मीटर दूर हवे, पाण्याच्या स्रोतापासूनही अंतर राखायला हवे, आणि ५,००० पक्ष्यांपासून पुढच्या शेडला राज्य मंडळाची संमती लागते. जागा निवडतानाच हे पाळा. नंतर शेड हलवता येत नाही. माश्यांचे मूळ ओल्या गादीत असते. पाण्याचे निपल गळत असतील, छपराची वळचण अपुरी असल्याने पाऊस आत येत असेल, तर तूस भिजते, अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे आणि राखणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत माश्यांची नवी पिढी तयार होते. इगतपुरीसारख्या तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात वळचण रुंद ठेवा, गादी रोज खालीवर करा, चुना मिसळा. मालेगावच्या बाजूला प्रश्न उलटा, तिथे उन्हाळी दुपारी मरतूक होते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, रुंदी तीस फुटांच्या आत, छतावर पाणी फिरवण्याची सोय आणि खाद्य सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा बांधावर टाकणे पूर्ण बंद करा, चुना टाकलेला झाकणाचा खड्डा हवा. औषधांच्या बाबतीतही बेफिकिरी नको. कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुपालनात वापरायला २०१९ पासून देशात बंदी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाण्यात मिसळलेले प्रतिजैविक शेवटी गावातल्याच माणसांच्या औषधांची धार बोथट करते.

असे असेल तर गावाने शेडला परवानगीच देऊ नये, असेही काही जण म्हणतात. हा टोकाचा निष्कर्ष आहे. शेणखत दुर्मीळ झालेल्या या जिल्ह्यात कोंबडखताला द्राक्ष, टोमॅटो, कांदा उत्पादकांची मागणी असते. तूस वाहणारे, माल भरणारे, शेड धुणारे यांना काम मिळते. गावाने बंदीऐवजी अटी घालाव्यात: बॅच उचलल्यावर ठरलेल्या दिवसांत खत झाकून बाहेर जाईल, ते ताजे न विकता कुजवून विकले जाईल, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना ते आधी विचारले जाईल. ज्याच्या अंगणात माशी येते त्याच्या शेतात खतही गेले, तर तंट्याची धार बरीच कमी होते.

घरातल्या वाटणीबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. पहाटे पाणी, खाद्य, पिल्लांची ऊब, रात्री वीज गेली की उठणे, हे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. शेड आले की माहेरी चार दिवस जाणे संपते, मुलीच्या शाळेलाही बॅचच्या दिवसांत सुट्टी पडते. करार, बँक खाते आणि सातबारा मात्र पुरुषाच्या नावावर. कंपनीचे प्रशिक्षणही त्यालाच मिळते, आणि मग आजारी पक्षी पहिल्यांदा जिच्या नजरेस पडतो तिला लसीचे वेळापत्रक माहीत नसते. करार आणि खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावाने करा, प्रशिक्षणाला तिला पाठवा, आणि हिशेबात घरच्या मजुरीचा दिवसाचा दर लिहा. वरच्या गणितात चार बॅचच्या वर्षी उरलेल्या १२,००० रुपयांना दोन माणसांच्या वर्षाने भागले, तर तो धंदा करायचा की नाही हे त्या घराला आपसूक कळेल.

ज्यांच्याकडे शेडपुरतीही जमीन नाही त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, आणि माझ्या मते जिल्ह्याच्या पश्चिम भागात तीच अधिक खरी आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. वनराज, गिरिराज किंवा स्थानिक गावरान, अशा तीस-पन्नास कोंबड्यांना कर्ज लागत नाही, करार लागत नाही, आणि श्रावण आला तरी घरात अंडे असते. त्यांचा शत्रू राणीखेत हा रोग. एका उन्हाळ्यात तो सगळे खुराडे रिकामे करतो. लशीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते, फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या घराला ती परवडत नाही. पाड्यातल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा मुक्त विद्यापीठाच्या नाशिक येथील कृषी विज्ञान केंद्रातून माहिती घेऊन एका बाईला लसीकरण शिकवून घ्यावे, लस बर्फात आणावी आणि सूर्य चढण्याआधी, कोंबड्या खुराड्यात असतानाच, सगळ्या पाड्याचे काम आटोपावे.